हिशेब कोणी ठेवायचा?



आजचा विषय पत्रिकेवर वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल, की अमेरिकेत शिक्षा भोगून आलेल्या माणसाला मत देता येते की नाही, याच्याशी आपले काय देणेघेणे? व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांपैकी काहींनी मला फोनवर तसे विचारलेही. मी त्यांना म्हटले, संबंध आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकापेक्षा सरकारी दप्तराशी जास्त आहे. सरकारने एखाद्याचा हक्क काढून घेतला, तर तो कधी काढला, किती काळासाठी काढला आणि परत कधी द्यायचा, याचा हिशेब ठेवायचा कोणी? सरकारने, की त्या माणसाने? आज मला एवढा एकच प्रश्न तुमच्यापुढे मांडायचा आहे. त्यासाठी आपल्याला फ्लोरिडाला जावे लागेल, कारण हा प्रश्न तिथे जितका उघडा पडला तितका दुसरीकडे कुठे पडलेला मी पाहिलेला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत गुन्ह्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत, किरकोळ आणि गंभीर. गंभीर गुन्ह्याला तिथे फेलनी म्हणतात. एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते असा गुन्हा, एवढे आपल्या कामापुरते पुरे. त्यात खून येतो, दरोडा येतो, आणि रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर साधी चोरीही येते. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याच्या मताचे काय करायचे, हे प्रत्येक राज्य आपापले ठरवते. मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन, इथे माणूस तुरुंगात बसूनही मत देतो. वीसहून अधिक राज्यांत तुरुंगाच्या बाहेर पाऊल पडले की मत परत मिळते. काही राज्यांत पॅरोल आणि प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेरची देखरेखीची मुदत, संपेपर्यंत थांबावे लागते. आणि काही ठिकाणी सगळी शिक्षा भोगून झाली तरी हक्क आपोआप येत नाही. तो मागावा लागतो.

हे सगळे कशाच्या आधारावर चालते? यादवी युद्धानंतर १८६८ साली अमेरिकेच्या संविधानात चौदावी दुरुस्ती झाली. तिच्यात बंडाळीबरोबर 'अन्य गुन्हा' असाही उल्लेख आहे, आणि त्या शब्दांचा आधार घेऊन १९७४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गुन्हेगाराचा मताधिकार राज्याला काढता येईल. पण त्या शब्दांच्या आडून दक्षिणेकडच्या राज्यांनी काय केले, तेही पाहा. गुलामगिरी गेली, कृष्णवर्णीयांना मत मिळाले, आणि ते मत पुन्हा काढून घेण्याच्या वाटा शोधल्या जाऊ लागल्या. अलाबामाने १९०१ साली नवे संविधान केले. जे गुन्हे कृष्णवर्णीयांकडून जास्त होतात असे त्या पुढाऱ्यांना वाटे, ते निवडून त्यांवर मताधिकार रद्द करण्याची शिक्षा ठेवली. १९८५ साली हे कलम सर्वोच्च न्यायालयात रद्द झाले. ज्या दोघांनी दाद मागितली होती त्यांचा गुन्हा कोणता? खात्यात पैसे नसताना चेक दिला. तेवढ्यासाठी मत गेले होते.

आता फ्लोरिडा. तिथला नियम १८६८ पासून जवळजवळ तसाच होता : गंभीर गुन्हा केलात, मत गेले, जन्मभरासाठी. परत हवे असेल तर गव्हर्नर आणि त्यांच्या मंत्रिमंडळाच्या क्षमा मंडळापुढे जायचे. हे मंडळ टालाहासी या राजधानीत वर्षातून चार वेळा बसायचे. कोणाला द्यायचे, कोणाला नाही, याचा लेखी निकष काहीही नाही. अर्ज करण्याआधीच पाच किंवा सात वर्षे थांबण्याची अट, आणि दहा हजारांहून अधिक अर्ज पडून. २०१८ च्या फेब्रुवारीत एका फेडरल न्यायाधीशांनी ही पद्धत मनमानी आहे असा निर्णय दिला. २०१६ च्या अंदाजानुसार फ्लोरिडात सुमारे सतरा लाख माणसे अशी मताविना होती, आणि कृष्णवर्णीय प्रौढांत तर दर पाचांमागे एकाहून जास्त.

पण मला आज मनमानीपेक्षाही दप्तराबद्दल बोलायचे आहे. २००० सालची निवडणूक आठवा. अमेरिकेचा अध्यक्ष कोण, हे फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी ठरले. त्या निवडणुकीआधी राज्याने एका खासगी कंपनीकडून गुन्हेगारांची यादी करून घेतली होती, मतदार यादीतून नावे कमी करायला. जुळणी सैल ठेवली होती. आडनावाची अक्षरे पुरेशी जुळली, जन्मतारीख जुळली, की नाव यादीत. आडनावे सारखी असणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या वॉर्डात पाटील किती, शिंदे किती, शेख किती, एकदा मोजून पाहा! टेक्सासहून आलेल्या यादीत तर सुमारे आठ हजार नावे किरकोळ गुन्हेवाल्यांची निघाली, म्हणजे ज्यांचे मत कधी गेलेच नव्हते. एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, निवडणूक प्रमुखांनाच पत्र आले, की तुम्ही गंभीर गुन्ह्यात दोषी आहात. ज्यांनी यादी तपासायची, त्यांचेच नाव यादीत.

काही काउंट्यांनी ती यादी वापरायला नकार दिला, काहींनी वापरली. एकाच राज्यात, एकाच निवडणुकीत, तुम्ही कोणत्या काउंटीत राहता यावर तुमचे मत अवलंबून.

चार वर्षांनी, २००४ साली, राज्याने नवी यादी केली. सुमारे ४८ हजार नावे. ती लोकांसमोर आणायला राज्य तयार नव्हते. वृत्तसंस्था न्यायालयात गेल्या, तेव्हा ती उघड झाली. उघड झाली तेव्हा दिसले, की इतक्या मोठ्या यादीत हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांच्या लोकांची नावे फक्त ६१. फ्लोरिडात, जिथे लाखो क्यूबन कुटुंबे आहेत! कारण काय? मतदार यादीत वंशाच्या रकान्यात 'हिस्पॅनिक' असे लिहिता येत होते आणि गुन्ह्यांच्या दप्तरात तसा रकानाच नव्हता. दोन रकाने जुळले नाहीत, म्हणून माणसे गाळली गेली. आणि ज्यांचे हक्क सरकारनेच रीतसर परत दिले होते, अशी दोन हजारांहून अधिक माणसे मात्र यादीत होती. यादी मागे घ्यावी लागली. पण मला विचाराल तर त्या यादीतली सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटची आहे. सरकारने दिलेली माफी सरकारच्याच दुसऱ्या खात्याला ठाऊक नव्हती.

याच फ्लोरिडात डेस्मंड मीड नावाचे गृहस्थ आहेत. व्यसनात बुडालेले, तुरुंगातून आलेले, बेघर. २००५ साली ते आयुष्य संपवायला रेल्वेच्या रुळांजवळ जाऊन उभे राहिले. गाडी आली नाही. ते तिथून निघून व्यसनमुक्ती केंद्रात गेले, मग कॉलेजात, आणि २०१४ साली फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीतून कायद्याचे पदवीधर झाले. पण वकिली करता येईना आणि मतही देता येईना. पुढे त्यांची पत्नी विधानसभेला उभी राहिली, तर तिलाही ते मत देऊ शकले नाहीत. या माणसाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यभर फिरून सह्या गोळा केल्या. संविधान दुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर यायचा तर तेव्हा साडेसात लाखांहून अधिक वैध सह्या लागत. त्या झाल्या. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रस्ताव मताला आला. साठ टक्क्यांची अट होती. सुमारे साडेचौसष्ट टक्के मते पडली. रिपब्लिकनांची पडली, डेमोक्रॅटांची पडली. खून आणि लैंगिक गुन्हे वगळून बाकी सगळ्यांना, पॅरोल-प्रोबेशनसह शिक्षेच्या सर्व अटी पूर्ण झाल्या की, मत आपोआप परत. सुमारे चौदा लाख माणसांना मत मिळेल असा अंदाज होता. ८ जानेवारी २०१९ रोजी मीड यांनी स्वतःचे नाव नोंदवले.

मित्रहो, गोष्ट इथे संपायला हवी होती. ती इथून सुरू झाली.

'शिक्षेच्या सर्व अटी' म्हणजे काय? जून २०१९ मध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने सांगितले, की शिक्षेसोबत लावलेला दंड, नुकसानभरपाई, न्यायालयाचे शुल्क, सगळे फेडल्याशिवाय अटी पूर्ण झाल्या असे धरायचे नाही. ऐकायला वावगे वाटत नाही. दंड केला तर तो भरायला नको का? जरूर भरावा. पण हे पैसे कसले असतात ते जवळून पाहू या. फ्लोरिडातल्या गरीब आरोपीला सरकार वकील देते. त्या वकिलासाठी अर्ज करायचे शुल्क ५० डॉलर. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला तर त्या वकिलाचे किमान १०० डॉलर. सरकारने त्याच्यावर खटला चालवला, त्याचा खर्च किमान १०० डॉलर. न्यायालयाचा जादा खर्च २२५ डॉलर. गुन्ह्यातल्या बळींच्या भरपाई निधीसाठी ५० डॉलर. असे एकेक करत कागद खाली खाली जातो. अमली पदार्थांच्या मोठ्या गुन्ह्यात सक्तीचा दंड पन्नास हजार डॉलर सहज असतो. तुरुंगातून सुटलेल्या, नोकरीसाठी दारोदार फिरणाऱ्या माणसाने हे भरायचे. पैसे थकले तर बाकी वसुली कंपनीकडे जाते, आणि कंपनीला कायद्याने चाळीस टक्क्यांपर्यंत आकार वर लावता येतो. काही वेळा न्यायाधीश माणसाची ऐपत पाहून ही थकबाकी दिवाणी कर्जात बदलून देत. नव्या कायद्याने तेही मोजायचे नाही असे ठरवले.

बरे, भरायला तयार आहे. किती भरायचे? कोणाला विचारायचे?

इथे सभागृहात शेती असलेले बरेच जण दिसतात, म्हणून आपल्याकडचा दाखला देतो. सोसायटीचे कर्ज फेडलेत. शेवटचा हप्ता भरला, पावती घेतली. पण सातबाऱ्यावरचा बोजा तसाच. बँक म्हणते आम्ही दाखला दिला, तलाठी म्हणतो फेरफार पडला नाही, आणि जमीन विकायला गेलात की समजते, की कागदोपत्री तुम्ही अजून कर्जदार आहात. आता कल्पना करा, की सातबाराच नाही. म्हणजे बोजा आहे की नाही, किती आहे, हे लिहिलेला उतारा कुठेच मिळत नाही, आणि तरीही तुम्ही शपथेवर सांगायचे की माझ्यावर बोजा नाही. खोटे निघाले तर गुन्हा. फ्लोरिडात नेमके हेच झाले. ६७ काउंट्या, प्रत्येकीच्या न्यायालयीन लिपिकाचे दप्तर वेगळे. राज्याकडे एकत्रित नोंद नाही. जुने निकालपत्र कुठे मायक्रोफिल्मवर, कुठे सापडतच नाही. निकालाच्या दिवशी लावलेली रक्कम वेगळी, आज संगणकावर दिसणारी थकबाकी वेगळी, आणि कायद्याला हवी असलेली रक्कम तिसरीच.

२०२० च्या वसंतात फेडरल न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांच्यापुढे याचा खटला चालला. त्यांचे निकालपत्र सव्वाशे पानांचे आहे, आणि माझ्या मते लोकशाहीत दप्तर म्हणजे काय हे शिकायचे तर ते वाचावे. त्यात एक तपशील आहे. एका प्राध्यापिकेने आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना घेऊन १५३ माणसांची प्रकरणे निवडली आणि प्रत्येकावर किती थकबाकी आहे ते शोधायला सुरुवात केली. ही शिकलेली माणसे, हाताशी वेळ, संगणक, फोन. १५३ पैकी तीन प्रकरणे सोडली, तर उरलेल्या सर्वांत नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. आणि राज्याचा स्वतःचा वेग? पात्रता तपासायला सुमारे ८५ हजार नोंदण्या पडून होत्या. राज्याच्या कर्मचाऱ्यांचा अंदाज धरला तर दिवसाला सरासरी ५७ तपासून होतील, म्हणजे काम संपायला २०२६ उजाडेल. मधल्या सगळ्या निवडणुकांचे काय?

खटला चालू असतानाच राज्याने हिशेबाची रीतही बदलली. आधी म्हणणे असे, की मूळ दंडात जमा झालेलेच पैसे धरायचे. मग म्हणणे असे, की भरलेला प्रत्येक डॉलर, तो कंपनीच्या आकारात गेला असला तरी, मूळ रकमेत धरायचा. माणसाला सोयीची हीच रीत. पण ज्या सरकारला देणे कसे मोजायचे हे दोन महिन्यांपूर्वी ठाऊक नव्हते, ते सामान्य माणसाने दहा वर्षांपूर्वीच जाणायला हवे होते का?

हिंकल यांनी मे महिन्यात निर्णय दिला, की पैसे भरल्याशिवाय मत नाही ही पद्धत ऐपत नसलेल्यांना लावता येणार नाही, आणि काय देणे आहे हे राज्याने सांगितले पाहिजे. सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने सहा विरुद्ध चार मतांनी तो उलटवला. माणसाच्या शिक्षेचा हिशेब त्याला शोधून देण्याची जबाबदारी संविधानाने राज्यावर टाकलेली नाही, असा त्या बहुमताचा सूर आहे. मी त्या सहा न्यायाधीशांच्या विद्वत्तेचा आदर राखून सांगतो, मला हे पटत नाही. शिक्षा दिली राज्याने. रक्कम लावली राज्याने. वसुली केली राज्याने किंवा राज्याने नेमलेल्या कंपनीने. मत अडवले राज्याने. मग हिशेब तेवढा त्या माणसाने का ठेवायचा?

मीड यांच्या संस्थेने देणग्या गोळा करून हजारो माणसांची थकबाकी भरली. काही काउंट्यांनी न्यायालयात सोपी वाट काढून दिली. पण लाखो माणसांनी नावच नोंदवले नाही. भीती वाटली. ती भीती खोटी नव्हती, हे लवकरच दिसले.

१८ ऑगस्ट २०२२. गव्हर्नरांनी पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले, की २०२० मध्ये बेकायदा मतदान केल्याबद्दल वीस जणांना अटक होत आहे. खून किंवा लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेली, म्हणजे दुरुस्तीने वगळलेली ही माणसे होती. पुढे पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांतली दृश्ये वृत्तपत्रांनी मिळवली. पहाटे दारात उभी माणसे, हातात बेड्या पडत आहेत, आणि ती विचारत आहेत, की मला तर सरकारनेच मतदार कार्ड पाठवले होते ना? पाठवले होते. अर्ज राज्याकडे गेला, राज्याने अडवला नाही, कार्ड घरी आले. ही माणसे अपात्र होती, मी त्यांची बाजू घेत नाही. पण पात्रता तपासायची जबाबदारी कायद्याने राज्यावर होती. ती राज्याने पार पाडली नाही, आणि तुरुंगाच्या दारात उभे केले ते त्या माणसांना.

यानंतर राज्याने दप्तर सुधारले का? २०२३ मध्ये नवा कायदा झाला. मतदार कार्डावर आता एक ओळ छापावी लागते : हे कार्ड नोंदणीचा पुरावा आहे, मतदानास पात्र असल्याची कायदेशीर खात्री नव्हे. सरकारच सांगते, की आम्ही दिलेल्या कागदावर विसंबू नका.

हे फक्त फ्लोरिडात घडत नाही. टेनेसीतल्या मेंफिसमध्ये एका महिलेच्या अर्जावर प्रोबेशन अधिकाऱ्याने लिहून दिले, की हिचे प्रोबेशन संपले. ते संपले नव्हते. चूक अधिकाऱ्याची होती, हे त्या खात्याच्याच कागदात नमूद होते. जानेवारी २०२२ मध्ये त्या महिलेला सहा वर्षांची शिक्षा झाली. तो कागद उजेडात आल्यावर न्यायाधीशांनी नव्याने खटल्याचा आदेश दिला आणि सरकारने खटला मागे घेतला. पण तोवर ती तुरुंगात राहून आली होती.

आणि शेजारीच हेही पाहा. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने डोनाल्ड ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवले, सगळे गंभीर वर्गातले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी फ्लोरिडातच मत दिले, आणि ते पूर्णपणे कायदेशीर होते. कारण दुसऱ्या राज्यात शिक्षा झाली असेल तर फ्लोरिडा त्या राज्याचा नियम मानते, आणि न्यूयॉर्कच्या २०२१ च्या कायद्याने जो तुरुंगात नाही तो मत देऊ शकतो. त्यांना कोणी थकबाकीचा उतारा मागितला नाही, आणि मागण्याचे कारणही नव्हते. न्यूयॉर्कचा नियम तपासायला दप्तर लागतच नाही. माणूस तुरुंगात आहे का? नाही? मग मत द्या. नियम जितका साधा, तितकी चूक व्हायला जागा कमी, आणि अधिकाऱ्याच्या मर्जीलाही जागा कमी.

आता घरी येऊ. आपला नियम या बाबतीत साधा आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६२, पोटकलम ५ : जो तुरुंगात आहे तो मत देणार नाही. निवडणुकीतल्या भ्रष्टाचारासारखे मोजके अपवाद सोडले, तर येरवड्यातून किंवा नाशिकरोडहून जन्मठेप भोगून आलेल्या माणसाला मतदान केंद्रावर कोणी विचारत नाही, की दंड भरलास का. २०१३ च्या दुरुस्तीने तर हेही स्पष्ट केले, की तुरुंगात असल्यामुळे मत देता आले नाही, तरी यादीतले नाव जात नाही.

पण त्याच पोटकलमाची दुसरी बाजू आहे. ते फक्त शिक्षा झालेल्यांना लागू नाही, कच्च्या कैद्यांनाही लागू आहे. आपल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी जवळजवळ तीन कच्चे कैदी, म्हणजे कायद्याच्या नजरेत अजून निर्दोष. अमेरिकेत खटला चालू असलेल्याचे मत जात नाही. शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात २०२० पासून मतदान केंद्र उघडले गेले आहे. आपल्याकडे जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या निवडणुकीत अनिल देशमुख आणि नवाब मलिक या दोन आमदारांना मुंबईच्या न्यायालयाने मतदानासाठी सोडले नाही. दोघे तेव्हा आरोपी होते, दोषी ठरलेले नव्हते. त्यांची बातमी झाली. ज्यांची बातमी होत नाही, अशांचे काय? एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी. एकाच्या घरच्यांनी जामीनदार उभा केला, तो बाहेर आला, त्याने मत दिले. दुसऱ्याकडे जामीनदार नव्हता. त्याचे मत गेले. फ्लोरिडात मधे उभे राहते ते न्यायालयाचे शुल्क, आणि इथे जामिनाची रक्कम.

आणि इथेही प्रश्न पुन्हा हिशेबाचाच. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते, की अतिगंभीर गुन्ह्यांसारखे काही अपवाद वगळता, कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ काढला की त्याला जामिनावर सोडावे; पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळ पुरे. दिवस मोजायचे कोणी? कायद्याने ते कैद्यावर सोडलेले नाही. मुदत भरली की तुरुंग अधीक्षकाने स्वतःहून न्यायालयात लेखी अर्ज करायचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या प्रकरणांनाही लागू आहे असे सांगून अधीक्षकांना कामाला लावले. फ्लोरिडाच्या खटल्यात अपील न्यायालयाने जे राज्यावर टाकायचे नाकारले, ते आपल्या कायद्याने एका नेमलेल्या अधिकाऱ्याच्या नावावर लिहून ठेवले आहे. आपल्या जिल्ह्याच्या कारागृहातून असे किती अर्ज मुदतीत गेले, हे विचारायला माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो. सभेनंतर ज्यांना तो करायचा असेल, त्यांनी मला भेटावे. मसुदा मी सोबत आणला आहे.